घरात कुणालाच हत्तीरोग नाही, तरी सगळ्यांनी गोळ्या का घ्यायच्या?

तुमचे प्रश्न दोन. घरात एकाचाही पाय सुजलेला नाही, मग सगळ्यांनी गोळ्या का गिळायच्या? आणि तपासणीवाले रक्त घ्यायला रात्रीच का येतात? दुसरं आधी उरकते. हत्तीरोग ज्या जंतांमुळे होतो, त्यांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून असतात आणि रात्री बाहेरच्या रक्तात उतरतात. हा रोग पसरवणारा क्यूलेक्स डास चावतो तोही रात्रीच. दुपारी बोट टोचून काही सापडत नाही.

आता तुमचं ते ‘पाय सुजलेला नाही’. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या थोरल्या काकांचं पालुपद हेच. आत्याचा डावा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. काकांचं ठाम मत, हा तिच्या नशिबाचा रोग, बाकी घर साफ आहे. आणि सुजल्या पायाला पाणी लागू द्यायचं नाही. म्हणून तो पाय फडक्यात गुंडाळलेला. मधूनच तिला हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद, हात लावू द्यायची नाही. काका म्हणायचे, जंत उसळले. जंत कसले उसळतात! मी फडकं सोडून पाहिलं तर बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिरलेल्या. जीवाणू तिथून शिरत होते. लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातला पाझर वाहून नेणाऱ्या नळ्या, जंतांनी आधीच निकामी केलेल्या, त्यामुळे आत गेलेल्या जीवाणूंना आवर नाही, आणि दर तापानंतर सूज थोडी वाढून राहायची.

मी कुणाला न विचारता पाय धुवायला लागले. साधा साबण, साधं पाणी. एकेक बोट सुटं करून धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. बेचक्यांत डॉक्टरांनी दिलेलं बुरशीवरचं मलम, रात्री पायाखाली उशी. ताप येणं कमी होत होत थांबलं. पाय काही पूर्वीसारखा झाला नाही, पण वास गेला आणि आत्या चार माणसांत बसायला लागली. काकांच्या मते रोग वयानुसार थंडावला. थंडावतो म्हणे!

तर गोळ्या. लागण झालेल्या बहुतेकांना बाहेरून काहीच दिसत नाही, पण डास त्यांच्याच रक्तातून पिल्लं उचलून शेजाऱ्याकडे नेतो. डासाच्या शरीरात ही पिल्लं वाढतात हे स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये चीनमधल्या अमॉयला पाहिलं. नशीब आणि घराणं काढणाऱ्यांना एवढी वर्षं पुरायला हवी होती. वाटतात त्या गोळ्या म्हणजे डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही ठिकाणी जोडीला आयव्हरमेक्टिन, यांचा मारा मुख्यतः पिल्लांवर. मोठे जंत सहा ते आठ वर्षं जगतात आणि एका मात्रेत सगळे मरत नाहीत, म्हणून दरवर्षी घ्यायच्या. ‘जेवून घेतो’ म्हणून गोळ्या खिशात टाकून नंतर न घेणारी माणसं मला डासापेक्षा वाईट वाटतात. घेतल्यावर ताप आला, डोकं दुखलं तर बहुधा आत जंत मरताहेत, म्हणजे ‘घर साफ’ नव्हतंच.

हो, दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं यांना त्या देत नाहीत. उपाशीपोटीही घेऊ नका. आणि घरात कुणाला याच रोगाने अंडवृद्धी, म्हणजे अंडकोषाची सूज, असेल तर गोळ्यांवर विसंबून लपवत बसू नका, ती शस्त्रक्रियेने बरी होते.