ख्रिस्ती धर्मात वाईटाला शांतीने उत्तर द्यायला निसर्गातलं कुठलं उदाहरण देतात?
बहुतेक जण बायबलमधलं मत्तय 5:45 हे वचन सांगतात, देवाचा सूर्य चांगल्यावाईट दोघांवर उगवतो, पाऊसही दोघांच्या शेतात पडतो, म्हणून वैऱ्यावरही प्रेम करा. ते आहेच, पण मला जैतून (ऑलिव्ह) जास्त भिडतं, चेचलं तरी ते जखमेवर लावायचं तेलच देतं. गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा, जैतुनाच्या डोंगराजवळची ती जागा, फळं दगडाखाली पार चेचली की तेल सुटतं आणि बायबलच्या लूक 10 मधल्या गोष्टीतला शोमरोनी माणूस वाटेत पडलेल्या परक्याच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओततो ना. येशूला पकडायला आले ते इथेच, त्याचा शिष्य पेत्र याने तलवार काढून प्रमुख याजकाच्या नोकराचा उजवा कान उडवला, तर येशूने त्याला थांबवलं आणि धरायला आलेल्या त्याच माणसाच्या कानाला हात लावून बरा केला. अटक होता होता! दरवेळी वाचताना मी तिथेच अडकते.