रजा संपत आली आहे. बाळाला पाळणाघरात ठेवावं की सासूबाईंना गावाहून बोलावून घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात हिंजवडीच्या ऑफिसात रुजू व्हायचंय, सासूबाई कऱ्हाडजवळ गावी असतात. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच, की आजी असताना पोर पाळणाघरात कशाला? तिथे मुलं आजारी पडतात, आणि संस्कार कोण करणार?

माझं उत्तर: पाळणाघर बघा, आणि चांगलं मिळालं तर बिनधास्त ठेवा. सासूबाईंनी यायचं की नाही हे तुम्ही, तुमचे यजमान किंवा तुमच्या नणंदबाई ठरवू शकत नाही. ते त्यांना विचारा, आणि त्यांना 'नाही' म्हणता येईल अशा रीतीने विचारा. तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात सगळ्यांची मतं आली आहेत, फक्त ज्या बाईने दिवसाचे दहा तास बाळ सांभाळायचं तिचं मत कुठेच नाही.

मी हे ठासून लिहितेय कारण माझ्या आईने डोंबिवलीत वीसेक वर्षं पाळणाघर चालवलं. १९९१ साली बाबांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली आणि आईने तळमजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत शेजारच्या दोन बाळांपासून सुरुवात केली. सकाळी सातच्या आत बायका यायच्या, कडेवर पोर, खांद्याला पर्स, हातात पिशवी. पिशवीत झबली, लंगोट, दुपटं, वाटी-चमचा, दुधाची पावडर. पोर आईच्या हातात दिलं की स्टेशनकडे धावत सुटायच्या, कारण ती फास्ट गेली तर व्हीटीला लेटमार्क ठरलेला.

आईला या कामातलं जे कळायचं ते मी नंतर कुठल्याही बालमानसशास्त्राच्या पुस्तकात इतकं स्पष्ट वाचलं नाही. नवीन मूल आलं की पहिले काही दिवस ती त्याच्या आईलाही बसवून घ्यायची. आधी तासभर, मग अर्धा दिवस. "तुमची एक वापरलेली सुती साडी ठेवून जा, धुऊ नका," असं सांगायची. त्या साडीची झोळी बांधायची. वासाने मूल शांत झोपतं, ही तिची खात्री. भुकेचं रडणं, झोपेचं रडणं आणि कान दुखल्याचं रडणं तिला स्वयंपाकघरातून ओळखू यायचं. कोण किती जेवलं, शी किती वेळा झाली, हे वहीत लिहून संध्याकाळी प्रत्येकीला सांगायची. ताप असलेलं मूल घ्यायची नाही, यावरून तिची बायकांशी भांडणं व्हायची, पण तिने नियम मोडला नाही. एका वेळी कडेवरची तीनच घ्यायची, चौथ्यासाठी कितीही गळ घातली तरी नाही.

आता २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. मंगळवार होता. मी कॉलेजला गेले नव्हते. दुपारनंतर लोकल बंद पडल्या, मोबाइल लागेनात, लँडलाइन गेली, मग वीज गेली. संध्याकाळी सातला आमच्याकडे सात मुलं होती आणि त्यांच्यापैकी एकाचीही आई किंवा बाप डोंबिवलीत नव्हता. कुणी फोर्टला, कुणी अंधेरीला, एक भांडुपला. सगळ्यांत लहान आठ महिन्यांचा, त्याचं अंगावरचं दूध अजून सुटलं नव्हतं.

आठच्या सुमारास पाणी आमच्या उंबऱ्याला लागलं. आईने मला एवढंच सांगितलं, "तू झोळ्यांच्या साड्या घे, बाकीचं राहू दे." आम्ही मुलं दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांच्या घरी नेली. मास्तर निवृत्त, बायको गेलेली, एकटे राहायचे. त्यांनी पुस्तकांच्या कपाटासमोरची जागा रिकामी करून सतरंज्या घातल्या. गणपती मंडळाची पोरं गुडघाभर पाण्यात उभी होती, त्यांनी आमचा गॅस सिलिंडर उचलून वर आणला. नाक्यावरच्या केमिस्टने मेणबत्तीच्या उजेडात शटर अर्धं उघडून दुधाची पावडर दिली आणि पैशांचं नंतर बघू म्हणाला. आईने मोठ्या पातेल्यात मऊ भात टाकला, शेजारणीने त्यावर तूप सोडलं.

त्या आठ महिन्यांच्या पोराने वाटीचं दूध तोंडाला लावू दिलं नाही. रडून रडून निळा पडायची वेळ आली. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची सून खाली आली. तिचं स्वतःचं बाळ चार महिन्यांचं. तिने कोण, कुठले, काही विचारलं नाही. त्याला घेतलं, भिंतीकडे तोंड करून बसली आणि पाजलं. त्या दोघी बायकांची, म्हणजे ती सून आणि त्या पोराची आई, यांची तोवर जिन्यातही ओळख झाली नव्हती.

रात्री एकनंतर एक बाप ठाण्याहून रुळांवरून चालत आला. कमरेपर्यंत भिजलेला, पायांत एकच चप्पल. मुलगी झोपलेली बघितली, उचलली नाही. मास्तरांनी दिलेला पंचा गुंडाळून तो बाहेर जिन्यातच आडवा झाला. फोर्टला अडकलेली त्या लहानग्याची आई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचली. ती आईला म्हणाली, "ऑफिसात रात्रभर सगळ्या रडत होत्या. मला बाकी काही कळत नव्हतं, पण तो काकूंकडे आहे हे माहीत होतं." हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, आणि पाळणाघरात संस्कार होत नाहीत असं कुणी म्हटलं की मला तो मास्तरांचा हॉल दिसतो. सात घरांची सात मुलं एका ताटातून जेवली आणि मोठ्यांनी लहानांना थोपटलं. आणखी कुठले संस्कार हवेत?

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. हल्ली 'सपोर्ट सिस्टिम' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. ती हवेत तयार होत नाही. त्या रात्री अख्खी बिल्डिंग उभी राहिली कारण वर्षानुवर्षं एक बाई त्या मुलांना घेऊन गच्चीत, केमिस्टकडे, मास्तरांच्या दारात जात होती. मुलं सगळ्यांच्या ओळखीची झाली होती. आणि त्या बाईला त्याचे काय मिळत होते? त्याच वर्षी दिवाळीत आईने महिन्याला पन्नास रुपये वाढवून मागितले. बायकांनी आपसात ठरवलं आणि म्हणाल्या, "काकू, आपण काय परक्या आहोत का?" मग वर्गणी काढून एक साडी आणली, नारळ आणि ओटीसकट. फी तेवढीच राहिली. आईने साडी नेसली, कुणाला काही बोलली नाही. मला त्या साडीचा राग तेव्हाही आला होता आणि आजही येतो. त्या बायका वाईट नव्हत्या, त्यांचेही पगार फार नव्हते. पण त्यांच्या ऑफिसने इन्क्रिमेंटच्या जागी साडी दिली असती तर त्यांनी चालवून घेतलं असतं का?

सरकारही याच वाटेने जातं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, गावोगाव अंगणवाड्या उभ्या राहिल्या. वजनं घेणं, पोषण आहार, लसीकरणाला बायकांना जमवणं, गरोदर बाईच्या घरी जाऊन सांगणं, वर तीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवणं, हे सगळं सेविका आणि मदतनीस करतात, आणि त्यांना पगार नाही, मानधन. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की या बायकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. तेव्हा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की मुलांना खिचडी वाटायचे आणखी किती पैसे हवेत. मी तिथे जे लिहिलं ते इथे लिहिता येणार नाही.

हे काम किती महत्त्वाचं हे ज्यांना कळलं होतं त्यांचीही नावं घेते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर धाकटं भावंड. त्यांनी मुलींना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं सुरक्षित राहिलं तरच मोठी शिकते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. तुमच्या बाबतीत 'मोठी' म्हणजे तुम्ही.

आता सासूबाईंकडे येते, आणि खरं तर माझ्या भावाकडे. दोन वर्षांपूर्वी दादाला मुलगी झाली. तो पुण्यात, वहिनीची नोकरी. त्याने आईला फोन करून सांगितलं, विचारलं नाही, की एक तारखेपासून तू इकडे राहायला ये. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले. मी म्हटलं, तिला विचार तरी. तो म्हणाला, "आईला मुलांची सवय आहे, तिला आवडतं." मी म्हटलं, आवडतं म्हणून तू फुकट काम करतोस का? मग जे व्हायचं ते झालं, आम्ही सहा महिने नीट बोललो नाही. सगळे म्हणाले मुलीने कशाला मध्ये पडावं. दादा अजूनही म्हणतो की मी आई आणि नात यांच्यात आले. मी अजूनही म्हणते की कुणीच विचारत नव्हतं ते मी तिला विचारलं. तिने उत्तर दिलं: "येईन, पण राहणार नाही." माझी संध्याकाळची भजनं, माझा डॉक्टर, माझ्या मैत्रिणी सगळं डोंबिवलीत आहे, म्हणाली. शेवटी दादाने सोसायटीजवळचं पाळणाघर शोधलं. आई मनात आलं की जाते, चार दिवस नातीशी खेळते आणि परत येते. नात ठणठणीत आहे.

तुमच्या सासूबाईंचं गावात काय काय आहे हे तुम्हाला माहीत आहे का? शेत, जनावरं, सासरे, बचतगट, शेजारणी? तेराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुम्ही दोघं रात्री आठला येईपर्यंत त्या कुणाशी बोलणार? त्यांना यायचं असेल, मनापासून, तर उत्तमच. मग मदतीला एक बाई ठेवा, त्यांच्या हातात दरमहा स्वतःचे पैसे द्या, आणि रविवारी बाळ पूर्णपणे तुमच्या दोघांकडे. यजमानांनी फक्त 'मदत' करायची नाही, निम्मं करायचं.

कामाचं थोडं. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, हे तुम्ही वापरलंच असेल. कायद्याने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा आहे. एचआरला तोंडी विचारू नका, ई-मेल करा. तुमच्यामुळे तुमच्या मजल्यावरच्या आणखी चौघींचं काम होईल.

हेही सांगायला हवं: सगळी पाळणाघरं माझ्या आईची नसतात. २०१६ साली खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झालेली सीसीटीव्हीत दिसली, ते सगळ्यांनी बघितलं. दादानेही तेच मला ऐकवलं होतं. म्हणून तपासा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल, छातीचा त्रास असेल, तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी बोला आणि जमलं तर रजा वाढवा. पहिले काही महिने सर्दी-खोकला होईलच, घरी वाढलेल्या मुलांना तोच बालवाडीत गेल्यावर होतो. सहा महिन्यांच्या आसपास वरचं अन्नही सुरू होईल, ते घरी सुरू करून मग ठेवा, म्हणजे काय सोसतं ते कळेल.

बघायला जाताना फोन करून जाऊ नका. दुपारी साडेबाराला जा, जेवणाची वेळ असते. रडणाऱ्या मुलाकडे कोण जातं आणि किती वेळात जातं ते बघा, आणि सांभाळणाऱ्या बाईंना विचारा की त्या स्वतः कधी जेवतात. त्यांना उत्तर देता आलं नाही तर तिथे माणसं कमी आहेत, दुसरं बघा. उत्तर मिळालं आणि जागा आवडली तर सांगतील ती फी द्या, घासाघीस करू नका, आणि रुजू व्हायच्या आधी निदान पंधरा दिवस सवय लावायला सुरुवात करा. सुती साडी विसरू नका.