व्याजदर, आयातशुल्क नंतर. आधी बुडत्या देशांच्या कर्जाचं बघा

तुम्ही विचारलंय की येत्या काही वर्षांत जगाची अर्थव्यवस्था कशी राहील आणि मोठ्या देशांच्या नेत्यांनी आधी कशाला हात घालावा. पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. मोठी मंदी येईलच असं नाही, पण वेग मंद राहील. कोविडच्या आधीच्या दोन दशकांत जागतिक वाढ सरासरी ३.७ टक्के होती, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे अलीकडचे अंदाज ३ टक्क्यांच्या आसपास घुटमळताहेत.

दुसऱ्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे: कर्जात रुतलेल्या देशांना लवकर बाहेर काढणं. जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये विकसनशील देशांनी परदेशी कर्जापोटी १.४ लाख कोटी डॉलर भरले. त्यातले ४० हजार कोटींहून जास्त नुसतं व्याज.

आफ्रिकेतल्या झांबियाचं काय झालं ते बघा. नोव्हेंबर २०२० मध्ये या देशाला डॉलर रोख्यांवरचं, म्हणजे गुंतवणूकदारांना विकलेल्या कर्जपत्रांवरचं, ४.२५ कोटी डॉलरचं व्याज भरता आलं नाही. त्याच महिन्यात जी-२० देशांनी अशा गरीब देशांच्या कर्जावर सगळ्या सावकारांनी मिळून तोडगा काढावा म्हणून एक सामाईक चौकट जाहीर केली होती. झांबियानं २०२१ च्या सुरुवातीला तिच्याखाली अर्ज केला. सरकारी सावकारांशी, म्हणजे चीन, फ्रान्स वगैरेंशी ६.३ अब्ज डॉलरवर तोडगा निघाला तो थेट जून २०२३ मध्ये. मग रोखेधारकांशी बोलणी झाली, किती सोडायचं तो आकडा ठरला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारी सावकारांनीच तो फेटाळला: आम्ही जेवढं सोडलं तेवढं हे सोडत नाहीत! फेब्रुवारी २०२४ मध्ये दुष्काळामुळे राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. वीज बहुतेक धरणांवरची, त्यामुळे पुढे भारनियमनही आलं. तरी रोख्यांचा व्यवहार पूर्ण व्हायला जून उजाडला. व्याज थकल्यापासून साडेतीन वर्षं.

मी बरीच वर्षं बँकेत थकीत कर्जांचं काम केलंय. सावकार जास्त असले की प्रत्येकाला एकच धास्ती असते: मी सोडलेले पैसे दुसऱ्याच्या खिशात जातील. म्हणून कुणी पहिली सही करत नाही. कंपन्यांसाठी आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. अर्ज दाखल करून घेतला की वसुली थांबते, सगळ्या बँका एका समितीत बसतात आणि ६६ टक्के मतांनी ठरलेला आराखडा मंजूर झाला की तो सगळ्यांना बांधतो. तिथंही उशीर होतो, मी तो पाहिलाय, पण निदान दार कुठलं ठोठावायचं हे माहीत असतं. देशांसाठी असा कायदाच नाही.

श्रीलंकेला तर ती चौकटही लागू नव्हती, कारण तो देश गरिबांच्या यादीत बसत नव्हता. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी परदेशी कर्जफेड थांबवली. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या अध्यक्षतेखाली सावकारांची वेगळी समिती बसली, चीनच्या सरकारी एक्झिम बँकेनं स्वतंत्र बोलणी केली, आणि रोख्यांची अदलाबदल डिसेंबर २०२४ मध्ये झाली. मधल्या काळात पेट्रोल आणि औषधांसाठी लोकांचे जे हाल झाले ते आपण शेजारी बसून पाहिले.

तेव्हा जी-२० नेत्यांनी पहिल्यांदा एवढं करावं: देशानं अर्ज केला की त्याच दिवसापासून सगळ्या सरकारी सावकारांनी हप्ते थांबवावेत, सरकारी सावकार आणि रोखेधारक यांची बोलणी एकापाठोपाठ न ठेवता बरोबरीनं चालवावीत, त्यांना मुदत घालावी, आणि श्रीलंकेसारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशांनाही दार उघडावं. खासगी रोखेधारक अडून बसतात त्याचा उपाय लंडन आणि न्यूयॉर्कच्या हातात आहे, कारण बहुतेक रोखे तिथल्याच कायद्यानं बांधलेले असतात. ब्रिटनच्या संसदेनं २०१० मध्ये कर्जमाफी मिळालेल्या अतिगरीब देशांकडून न्यायालयामार्फत पूर्ण वसुली करण्यावर मर्यादा घातली होती. तोच कायदा नव्या कर्जांना आणि आणखी देशांना लागू करता येईल.