व्हेरॉनिकाकडून काय घ्यावे, कीथकडून काय

अनेक उत्तम आशीर्वाद.

‘व्हेरॉनिका मार्स’ पाहून तिच्यासारखे व्हावेसे वाटते, असे तू लिहिलेस, आणि ते मला समजते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकी मालिकेत, कॅलिफोर्नियातील नेपच्यून या काल्पनिक गावातली ही शाळकरी मुलगी जिवलग मैत्रीण लिली केनच्या खुनाचा माग काढते; पार्टीत गुंगीचे औषध मिळून स्वतःवर बलात्कार झाल्याची तक्रार घेऊन ती तिच्या वडिलांच्या जागी आलेल्या शेरीफकडे, म्हणजे निवडून येणाऱ्या पोलीसप्रमुखाकडे, जाते आणि तो तिची हेटाळणी करतो, तरी ती हार मानत नाही. हे धैर्य जरूर घे. तिची माणसांशी वागण्याची रीत मात्र पारखून घे.

वॉलेसचेच पाहा. पहिल्या भागात शाळेच्या ध्वजस्तंभाला चिकटपट्टीने बांधलेल्या या नव्या मुलाकडे बाकीचे नुसते पाहत राहतात आणि ती एकटी पुढे होऊन त्याला सोडवते. मैत्रीचा इतका सुंदर आरंभ झाल्यावर, तो शाळेच्या कार्यालयात मदतनीस आहे म्हणून ती त्याच्याकडून विद्यार्थ्यांच्या फायली मागवत राहते. पकडला गेला असता तर शिक्षा त्याला झाली असती. तो हसतमुखाने देतो, एवढ्याने ते मागणे रास्त ठरत नाही.

तिचा शाळासोबती आणि पुढे प्रियकर होणाऱ्या लोगनविषयी तू फार हळवेपणाने लिहिले आहेस. त्याचे वडील, प्रसिद्ध नट ॲरन एकोल्स, त्याला पट्ट्याने मारतात आणि त्याच्या क्रौर्याचे मूळ तिथे आहे, हे मालिका समजूतदारपणे दाखवते. पण सुरुवातीला तिच्या मोटारीचे दिवे फोडणारा हात पुढे तिच्यासाठी इतरांवर उगारला जातो, तेव्हा त्या मारामारीला प्रेमाचा पुरावा समजू नकोस. २०१९ च्या चौथ्या पर्वात तो उपचार घेऊन राग आवरायला शिकलेला असतो, आणि व्हेरॉनिकालाच जुना, भडकणारा लोगन हवासा वाटतो. मला तो भाग पाहताना तिची काळजी वाटली.

आदर्श म्हणून मी तुझ्यापुढे तिच्या वडिलांना, कीथला, ठेवेन. लिलीच्या खुनासाठी त्याने तिचे धनाढ्य वडील जेक केन यांच्यावर संशय घेतला, म्हणून लोकांनी त्याला शेरीफपदावरून दूर केले. दारूच्या आहारी गेलेली पत्नी घर सोडून गेली. तरीही मनातला कडवटपणा तो मुलीवर काढत नाही. आपण जेकची मुलगी असू शकतो या शंकेने व्हेरॉनिका चाचणी करवते आणि निकाल न वाचताच नष्ट करते. पुढे कीथ स्वतः चाचणी करवून आपणच तिचा जन्मदाता असल्याचे तिला सांगतो. माझ्या मते हे प्रेक्षकांना कळले नसते तरी चालले असते, कारण त्याच भागात तिला वाचवायला आगीत शिरणाऱ्या माणसाला कोणत्याच कागदाची गरज उरत नाही.

त्याचेही सारे अनुकरणीय नाही. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी, शेरीफपदाच्या ऐन निवडणुकीच्या तोंडावर, तो मुलीविरुद्धचा पुरावा नाहीसा करतो आणि स्वतः आरोप ओढवून घेतो. व्हेरॉनिका त्याला मत देते, पण तिच्या धाडसाची किंमत कोण भरतो आहे हे तिला तेव्हा पुरते कळलेले असते. मालिका पुन्हा पाहशील तेव्हा प्रत्येक भागानंतर, त्या दिवशीच्या तपासाची किंमत कोणी भरली, एवढेच वहीत लिही आणि ती यादी मला पाठव.