तत्त्वज्ञानाच्या पदवीआधी कोणते विषय घ्यावेत?
शाळेत तत्त्वज्ञान हा विषय नसला तरी काळजी करू नकोस, पदवीला बहुतेक ठिकाणी मुळापासून शिकवतात. गणित मात्र सोडू नकोस. सुरुवातीलाच तर्कशास्त्र येतं आणि चिन्हं बघून बरीच मुलं तिथंच अडखळतात. ‘पाऊस पडला तर रस्ता भिजतो, रस्ता भिजलाय, म्हणजे पाऊस पडला’ यातली चूक भूमितीच्या सिद्धता लिहिणाऱ्याला चटकन दिसते, कारण प्रमेय खरं म्हणून त्याचा व्यत्यास, म्हणजे उलटं विधान, खरा ठरत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

जोडीला इतिहास किंवा साहित्य घे. लांब, मुद्देसूद लिहायची सवय तिथंच लागते. उतारा वाचताना निष्कर्ष अधोरेखित कर, आधारविधानांना क्रमांक दे. उरलेला विषय आवडीचा: मनाबद्दल कुतूहल असेल तर जीवशास्त्र, न्यायदर्शन, म्हणजे तर्कावर भर देणारी जुनी भारतीय तत्त्वपरंपरा, मुळातून वाचायचं असेल तर संस्कृत.