सहा वर्षांचा वाहतूक भत्ता परत मागितला आहे. ही वसुली टिकेल का?

प्रश्न : मी पुण्यात एका केंद्र सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे (गट क, लेव्हल ४). २० जून २०२५ च्या आदेशाने माझ्याकडून ३,६५,४३६ रुपये वसूल करायचे ठरले आहे, दरमहा १०,१५१ रुपयांचे ३६ हप्ते. कारणे दोन. पहिले, आमच्या सरकारी वसाहतीतून कार्यालयाची बस होती, म्हणून जून २०१९ ते मे २०२५ चा वाहतूक भत्ता मला लागूच नव्हता. दुसरे, १२ मार्च ते २० मे २०२३ मी बालसंगोपन रजेवर होते, म्हणून त्या तीन महिन्यांचा भत्ता परत करायचा. नोटीस आली नाही, जुलैच्या पगारातून पहिला हप्ता मात्र कापला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये मी क्वार्टर सोडून स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिकडे बस येत नाही. जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२२ कंत्राट संपल्यामुळे बस बंदच होती. शिवाय बस पावणेसहाला सुटायची आणि आमच्या शाखेचे काम साडेसहापर्यंत चालायचे. सातव्या वेतन आयोगाच्या वेळी मी हमीपत्र दिले आहे. पैसे भरावेच लागतील का?

उत्तर : सगळे भरावे लागणार नाहीत, आणि बराचसा भाग तर मागताच येत नाही. मात्र ‘चूक कार्यालयाची, मी का भरू’ एवढ्या एका वाक्यावर लढू नका. आधी कोणत्या महिन्यांचा भत्ता तुम्हाला देय होता ते पक्के करा. जो खरोखर जास्तीचा निघेल, त्याच्यापुरताच वसुली चालते की नाही हा प्रश्न उरतो. बहुतेक जण थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारतात आणि हक्काचे पैसेही ‘जादा दिलेली रक्कम’ म्हणून मान्य करून बसतात.

तुमचा भत्ता वित्त मंत्रालयाच्या व्यय विभागाच्या ७ जुलै २०१७ च्या ज्ञापनाप्रमाणे, म्हणजे १ जुलै २०१७ पासूनच्या दराने मिळतो. लेव्हल ३ ते ८ साठी देशातल्या ठरावीक १९ शहरांत ३,६०० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता; इतरत्र १,८०० आणि महागाई भत्ता. महाराष्ट्रातली बृहन्मुंबई, पुणे आणि नागपूर या यादीत आहेत, त्यामुळे ३,६०० चा दर बरोबर आहे. सरकारी वाहनाची सोय ज्याला पुरवली आहे त्याला हा भत्ता नाही, ही अटही त्याच ज्ञापनात आहे.

रजेचा हिशेब आधी उरकू, कारण तिथे आदेश उघडउघड चुकला आहे. संपूर्ण कॅलेंडर महिना रजेत गेला, तरच त्या महिन्याचा भत्ता जातो. तुम्ही ११ मार्चपर्यंत कामावर होता आणि २१ मेपासून पुन्हा रुजू झालात. मार्च आणि मे दोन्ही महिने अर्धवट रजेचे, म्हणून दोन्हींचा भत्ता पूर्ण देय. दिवसांच्या प्रमाणात कपात निलंबनाच्या अर्धवट महिन्यात होते, रजेच्या नाही. लेखा शाखेत या दोन नियमांची गल्लत नेहमी होते. गेला तो फक्त एप्रिल २०२३. तेव्हा महागाई भत्ता ४२ टक्के होता, म्हणजे ३,६०० वर १,५१२, एकूण ५,११२ रुपये. एवढे देणे लागता हे निवेदनात स्वतःहून लिहा. बाकीच्या मुद्द्यांना त्याने वजन येते.

आता आदेशासोबतचा तक्ता समोर ठेवा. बसच्या ७२ महिन्यांत मार्च, एप्रिल आणि मे २०२३ आलेलेच आहेत. रजेखाली तेच तीन महिने पुन्हा धरून १५,३३६ रुपये वर चढवले आहेत. एकाच पैशाची दोनदा वसुली! मग जानेवारी ते जून २०२१ च्या ओळी पाहा. एकूण रकमेचा मेळ तेव्हाच बसतो, जेव्हा या सहा महिन्यांना २८ टक्के महागाई भत्ता धरला जातो. प्रत्यक्षात तो तेव्हा १७ टक्क्यांवर गोठवलेला होता. २८ टक्के १ जुलै २०२१ पासून झाला, आणि नंतर तो वाढवून त्याच तारखेपासून ३१ केला गेला. तुमच्या हातात दरमहा ४,२१२ पडले आणि मागितले जात आहेत ४,६०८. सहा महिन्यांचा फरक २,३७६ रुपये. म्हणजे जे दिलेच नाही तेही परत मागितले आहे. प्रत्येक महिन्याची पगारस्लिप काढून तक्त्याला लावा, एकही महिना गाळू नका.

बसचा मुद्दा सगळ्यात मोठा. नियमात शब्द ‘सोय पुरवली’ असा आहे, ‘सोय वापरली’ असा नाही. म्हणून बस पावणेसहाला सुटायची हा तुमचा मुद्दा एकट्याने लंगडा पडेल. शाखेची उशिरापर्यंतची हजेरी कागदावर असेल तर जोडा, पण त्यावर विसंबू नका. उरलेले दोन मुद्दे मात्र भक्कम आहेत. बस बंद होती त्या आठ महिन्यांत सोयच नव्हती. जुलै ते डिसेंबर २०२१ चे ३१ टक्क्यांनी २८,२९६ आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२२ चे ३४ टक्क्यांनी ९,६४८, असे ३७,९४४ रुपये इथेच गळतात. आणि क्वार्टर सोडल्यावर जिथे बस येतच नाही, तिथे राहणाऱ्याला सोय पुरवली असे कसे म्हणणार? जानेवारी २०२३ ते मे २०२५ चे १,५५,५५६ रुपये त्यातून सुटतात (त्यातला एप्रिल २०२३ मात्र रजेमुळे देणे राहतोच).

पुराव्यासाठी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज आजच द्या. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. बसचे लॉगबुक, मार्ग आणि थांब्यांची यादी, कंत्राटदाराची मासिक बिले, प्रवासी कर्मचाऱ्यांची यादी किंवा पासांची नोंदवही, आणि ज्या ऑडिट पॅरावरून (लेखापरीक्षणातल्या आक्षेपावरून) हे सुरू झाले असेल त्याची प्रत, एवढे नेमके मागा. लॉगबुकची झेरॉक्स मागण्याऐवजी ते समक्ष पाहायची परवानगी मागितलीत तर बरे. पहिला तास मोफत असतो. ज्या दिवशी गाडी निघाली नाही त्या दिवशी किलोमीटरचा रकाना कोरा असतो, आणि तो कोरा रकाना दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा जास्त बोलतो. सोबत क्वार्टरचा ताबा परत केल्याची पावती लावा. घरभाडे भत्ता कोणत्या महिन्यापासून सुरू झाला तेही पगारस्लिपवर दिसेल: ज्या कार्यालयाने तुम्ही वसाहतीत राहत नाही म्हणून घरभाडे भत्ता दिला, तेच आता वसाहतीच्या बसचे कारण सांगते आहे.

हे सगळे वजा केले की जून २०१९ ते डिसेंबर २०२२ मधले बस चालू असतानाचे १,५४,२२४ रुपये आणि एप्रिल २०२३ चे ५,११२, मिळून १,५९,३३६ रुपये उरतात. पुढचा वाद एवढ्याच रकमेचा.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा ‘पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह’ हा १८ डिसेंबर २०१४ चा निकाल तुमच्या बाजूने आहे. कोणत्या परिस्थितीत वसुली करू नये याची यादी त्यात आहे. पहिलेच कलम वर्ग तीन आणि चारच्या, म्हणजे गट क आणि ड च्या कर्मचाऱ्यांचे. तुम्ही त्यात थेट बसता. निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांचे कलम तुमच्या पत्रावरून लागू दिसत नाही. तिसरे कलम वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांपेक्षा जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर वसुलीला मनाई करते. याचे दोन अर्थ लावले जातात: संपूर्ण रक्कम सुटते, किंवा पाच वर्षांपलीकडची तेवढी सुटते. आधी पहिला अर्थ मांडा, पर्याय म्हणून दुसरा. दुसऱ्या अर्थानेही जून २०१९ ते मे २०२० चे ५०,३६४ रुपये जातातच. मात्र या निकालाचा पाया कर्मचाऱ्याची फसवणूक नव्हती हा आहे. ‘मी सरकारी वाहन वापरत नाही’ असा दाखला कधी सही करून दिला होता का, ते आठवून पाहा, आणि दिला असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

हमीपत्रावरून कार्यालय ‘जगदेव सिंग’ प्रकरणातला २९ जुलै २०१६ चा निकाल दाखवेल. सुधारित वेतन घेताना परतफेडीची हमी देणारा त्या हमीने बांधला जातो, असे त्यात म्हटले आहे. घाबरू नका, आधी सेवापुस्तकातून हमीपत्राची प्रत काढा. २०१६ च्या सुधारित वेतन नियमांसोबतचा नमुना वेतननिश्चिती चुकल्यास जादा रक्कम परत करण्याबद्दल आहे. तुमची वेतननिश्चिती चुकलेली नाही. वाद भत्त्याच्या पात्रतेचा आहे. हा फरक निवेदनात ठळकपणे मांडा. वेगळ्या शब्दांचे हमीपत्र असेल तर मात्र ही बाजू कमजोर होते.

निवेदन दहा दिवसांत द्या, आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊन. मागण्या क्रमाने लिहा: पुढचे हप्ते थांबवावेत, तक्ता दुरुस्त करावा, उरलेल्या रकमेच्या माफीचा प्रस्ताव पाठवावा. ‘माफी माझ्या हातात नाही’ असे कार्यालयप्रमुख म्हणतील, आणि ते खरेही आहे. डीओपीटीच्या (केंद्राच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या) २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने रफीक मसीहची कलमे स्वीकारली आहेत, पण माफीला व्यय विभागाची स्पष्ट मंजुरी लागते. म्हणून ‘माफ करा’ एवढेच न लिहिता ‘या ज्ञापनानुसार प्रस्ताव मंत्रालयामार्फत व्यय विभागाकडे पाठवा’ असे लिहा. ते करणे त्यांच्या हातात आहे.

नोटीस न देता कपात करणे हा स्वतंत्र दोष आहे; ‘भगवान शुक्ला’ प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने अशी एकतर्फी कारवाई रद्द केली. पण केवळ त्यावर आदेश रद्द झाला तर कार्यालय नोटीस काढून तोच आदेश पुन्हा देऊ शकते. मुद्दा घ्या, भिस्त हिशेबावर ठेवा.

निवेदनाने हप्ते थांबले नाहीत तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १९ खाली मूळ अर्ज करा. शुल्क ५० रुपये. निवेदनावर सहा महिने वाट पाहायची असा सर्वसाधारण नियम कलम २० मध्ये आहे, पण त्यातला ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द महत्त्वाचा: दरमहा पगार कापला जात असताना लवकर आलो, हे अर्जात कारणासह लिहा आणि कलम २४ खाली अंतरिम स्थगिती मागा. कलम २१ ची मुदत एक वर्षाची आहे. एकामागून एक निवेदने देत राहिल्याने ती वाढत नाही, हे ‘एस. एस. राठोर’ प्रकरणात १९८९ सालीच ठरले आहे. म्हणून १९ जून २०२६ ही शेवटची तारीख समजून चाला. आणि अर्जात कापलेले हप्ते परत मिळावेत ही मागणी वेगळी लिहा. ती राहून गेली, तर आदेश रद्द होऊनही जुलैचे १०,१५१ रुपये कार्यालयाकडेच अडकून पडण्याची भीती असते.