बोया लावशील गं, पण पुढे?

अगं, समुद्रात बोये, म्हणजे लाटा-तापमान वगैरे मोजणारी तरंगती यंत्रं, लावायचं तुझं प्रपोजल काल रात्री बसून वाचलं. मेहनत दिसते. पण स्पष्टच सांगतो, राग मानू नकोस, पानंच्या पानं सेन्सरची आहेत आणि हा डेटा रोज कोण बघणार, बघून काय ठरवणार यावर चार ओळीसुद्धा नाहीत. सगळे तिथेच घसरतात, यंत्र दिसतं ना, त्याचा फोटो पेपरात येतो.

२००४ ची त्सुनामी आठव. सुमात्राजवळचा भूकंप जगभरच्या भूकंपमापकांनी काही मिनिटांत पकडला होता, लाटेला तामिळनाडूला पोचायला साधारण दोन तास लागले, म्हणजे वेळ होता, पण लाट ओळखायला हिंदी महासागरात दाब मोजणारी यंत्रं नव्हती आणि नागपट्टिणमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायचं कुणी हेही ठरलेलं नव्हतं. मग २००७ मध्ये हैदराबादला इन्कॉइसमध्ये, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेत, त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र सुरू झालं. आणि तरी २०१७ ला ओखी चक्रीवादळ आलं तेव्हा केरळ-तामिळनाडूचे कितीतरी मच्छीमार इतके आत गेले होते की मोबाईलची रेंजच नाही, इशारा निघाला तरी पोचणार कसा? त्यानंतर २०१९ मध्ये जेमिनी नावाचं डिव्हाइस आणलं, गगन या उपग्रह-यंत्रणेवरून मेसेज येतो, पण ते फक्त ऐकतं, बोटीवरून उलट काही कळवता येत नाही. शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा खर्च प्रपोजलमध्ये वेगळा दाखव.

दुसरं म्हणजे शेजारी कोण आहे ते आधी बघ. रत्नागिरीसमोर इन्कॉइसने लाटा मोजणारा बोया लावलाय, गोव्यात दोना पावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद आहे. तू तेच परत मोजून काय करणार? त्यांच्याकडे जे नाही ते मोज, आणि त्यांच्याच फॉर्मॅटमध्ये दे. आर्गो या अनेक देशांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पाचं बघ, जगभर चार हजारांच्या आसपास फ्लोट्स, म्हणजे पाण्यात वर-खाली जाणारी यंत्रं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जाऊन वर येतात, तापमान-क्षारता पाठवतात, फ्लोट कुठल्याही देशाचा असो, डेटा बहुतेक एका दिवसात सगळ्यांना फुकट. हे जमलं कारण कोण कुठे सोडणार, तपासणार कसं, हे सगळं आधी भांडून ठरवलं. तुझा डेटा तुझ्या लॅबच्या हार्ड डिस्कवर राहणार असेल तर मला सही मागू नकोस.

आता मेंटेनन्स. हा विषय कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पॅसिफिकमध्ये अल निनो, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापणं, ओळखायला विषुववृत्तावर बोयांची रांग आहे, जगात नावाजलेली, पण २०१२ मध्ये अमेरिकेने तिची देखभाल करणारं जहाज बंद केलं आणि २०१४ पर्यंत डेटा चाळीस टक्क्यांवर आला. अमेरिकेची ही गत, तर आपल्याकडे पावसाळ्यात बोया सुटला तर बोट कुणाची, डिझेल कुणाचं? म्हशीच्या किमतीचा विचार करतात आणि चाऱ्याचा नाही, तसलं झालंय तुझं बजेट.

आणि बोयाखाली मासे जमतात हे तुला माहीत असेलच. मग मच्छीमार तिथे येणार, होडी बांधणार, जाळं टाकणार, कधी सोलर पॅनल जाणार तर कधी केबल. नुसता "हात लावू नये" असा बोर्ड लावून काही होत नाही, तेही इंग्रजीत! त्यांना त्याचा उपयोग दिसायला हवा. मासे कुठे मिळतील याची सूचना उपग्रहाने मोजलेलं पाण्याचं तापमान आणि क्लोरोफिल, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हिरवं द्रव्य, यावरून निघते, पण ढग आले की उपग्रह आंधळा, तेव्हा बोया कामाचा, पण तो एका ठिकाणचंच सांगतो, क्लोरोफिलचा नकाशा काढून देत नाही. हे त्यांना खरं खरं सांग, जास्तीचं वचन देऊ नकोस. एकदा सूचना चुकली की वर्षभर कुणी विश्वास ठेवत नाही.

तर एक काम कर, दापोलीजवळच्या हर्णे बंदराला जा, लिलावाच्या वेळी नको, तेव्हा कुणाला बोलायला फुरसत नसते, जाळी सांधायला बसलेले असतात तेव्हा जा. तांडेलला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचार की परत फिरायचं कधी ठरवतोस, कशावरून, लाट किती झाली की निघतोस. दोन-तीन बंदरांत विचार, उत्तरं वेगवेगळी येतील, ती जशीच्या तशी लिहून आण, त्यातूनच कळेल तुला दर तासाचा डेटा हवा की दिवसाचा. पण १ जूनच्या आत जा, पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली की खलाशी गावी जातात आणि जेटीवर कुणी भेटत नाही. आल्यावर बजेट नव्याने पाठव, पाच वर्षांच्या देखभालीसकट.